देवळात वाढलेला विद्वान: अशा पात्राची पार्श्वभूमी कशी रचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून कथा रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी (मूळ नियमपुस्तक 2014 चे, सुधारित 2024 चे) एक पात्र तयार करायचे आहे. ते लहानपणापासून देवळात वाढले, तिथल्याच ग्रंथालयात शिकले आणि आता पहिल्यांदाच बाहेरच्या जगात निघाले आहे. अशा पात्राला अ‍ॅकोलाइट (देवळातला सेवक) ही पार्श्वभूमी, म्हणजे पूर्वायुष्याचा नियमांतला साचा, द्यावी की सेज (अभ्यासक), त्याचा क्लास, म्हणजे खेळातला पेशा, क्लेरिक (देवतेच्या कृपेने मंत्र चालवणारा) असावा की विझार्ड (अभ्यासाने मंत्र शिकणारा), आणि 'अनाथ मूल, दयाळू पुजारी, जळालेले देऊळ' या ठरीव कथेपेक्षा वेगळे काही लिहिता येईल का, असे तीन उपप्रश्न त्यात आहेत. मी बरीच वर्षे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे कथा रचून खेळ चालवणारी व्यक्ती) म्हणून खेळ चालवते आहे आणि या घडणीची पात्रे माझ्या टेबलावर वारंवार आली आहेत. सुरुवात तिसऱ्या उपप्रश्नापासून करते, कारण तो सुटला की पहिल्या दोहोंना फारसा वेळ लागत नाही.

माझ्या मते अशा पात्राचा सगळा पूर्वेतिहास एका गोष्टीवर उभा राहतो: त्या देवळाला विद्वान पोसण्याची गरज का पडली? एका मुलाला पंधरा वर्षे जेवू घालायचे, त्याच्यासाठी गुरू ठेवायचा, शाई आणि चर्मपत्र खर्ची घालायचे, हे कोणतीही संस्था निव्वळ ज्ञानप्रेमापोटी करत नाही. देवळाला त्याच्याकडून काहीतरी काम करून घ्यायचे असते. ते काम एकदा ठरले की पात्राला काय येते, काय येत नाही, त्याच्यावर कोणाचे ऋण आहे आणि त्याने देऊळ सोडल्याने कोणाची अडचण झाली, या चारही गोष्टी त्यातूनच ठरत जातात.

बहुतेक खेळाडू इथे विद्येची देवता निवडतात. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या तयार कल्पित जगात खेळत असाल तर ओग्मा किंवा डेनियर ही नावे समोरच असतात. ही निवड चूक नाही, पण विद्येच्या देवतेचे देऊळ घेतले की ते हळूहळू विद्यापीठ होऊन बसते आणि पात्र देवळात वाढले याला वेगळा अर्थ उरत नाही. त्यापेक्षा अशी देवता घ्यावी जी स्वतः विद्येची नाही, पण जिचे काम विद्वानावाचून अडते. पिकांच्या देवतेला पेरणीचा आणि कापणीचा दिवस ठरवणारा गणिती लागतो. समुद्राच्या देवतेच्या देवळात भरती-ओहोटीची कोष्टके आणि बुडालेल्या गलबतांच्या याद्या ठेवाव्या लागतात. मृत्यूच्या देवतेला कोण केव्हा मेले, कोणाचे अंत्यसंस्कार अपुरे राहिले आणि कोणाला कुठे पुरले याचे दफ्तर लागते. आणि ज्या जगात मेलेली माणसे खरोखरच उठून चालू लागतात, त्या जगात असे दफ्तर राजाच्या खजिन्याइतके मोलाचे असते. मला स्वतःला हे मृत्यूचे दफ्तर सर्वांत आवडते, कारण डीएमला त्यातून आयती कथासूत्रे मिळतात. चाळीस वर्षांपूर्वी मृत म्हणून नोंदलेला माणूस आज तुमच्या गटाला पैसे देऊन कामावर ठेवतो आहे, एवढी एकच नोंद एका कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेला, पुरते.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. या खेळातल्या देवळांचा आणि मठांचा साचा बराचसा मध्ययुगीन युरोपातून आलेला आहे आणि तिथे असे मूल खरोखरच सापडते. बीड नावाचा मुलगा साधारण 680 साली, वयाच्या सातव्या वर्षी, नातेवाइकांनी उत्तर इंग्लंडमधल्या वेअरमथ-जॅरो या जोडमठाच्या स्वाधीन केला आणि 735 मध्ये मरेपर्यंत तो त्याच मठाचा राहिला. त्याच्या पांडित्याचा मोठा भाग कालगणनेवर खर्च झाला, कारण ईस्टरचा दिवस कसा काढायचा हा त्या काळी चर्चमधल्या पंथांत भांडणाचा विषय होता आणि मठाला त्याचे खात्रीचे उत्तर हवे होते. त्याने 725 मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत युरोपात रुजण्यात त्याच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. त्याच मठाच्या एका जुन्या वृत्तान्तात साथीच्या वर्षाचा, म्हणजे सुमारे 686 चा, एक प्रसंग येतो. गाता येणारे सगळे भिक्षू मेले आणि नित्यपाठ म्हणायला मठाधिपती आणि एक लहान मुलगा असे दोघेच उरले. तो मुलगा बीडच असावा असे बरेच अभ्यासक मानतात. तुमच्या पात्राच्या बालपणासाठी यापेक्षा चांगला प्रसंग मला सुचत नाही: देऊळ जळालेले नाही, कोणी खलनायक आलेला नाही, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कळून चुकले आहे की आपला आवाज थांबला तर पूजाच थांबेल.

देवळातली विद्या म्हणजे फक्त धर्मग्रंथ असेही नाही. मराठी वाचकाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख, म्हणजे शके 1195 ते 1199 (इ.स. 1273–77) या काळातला लेख, मुख्यतः देणगीदारांची आणि देणग्यांची यादी आहे. देऊळ म्हणजे जमिनी, दाने, नवस, वाटे, तंटे आणि या सगळ्यांचा हिशेब. तुमचे पात्र अशा हिशेबात वाढले असेल तर त्याला देवतेची शंभर नावे येतीलच, पण त्याबरोबर शेजारच्या सरदाराच्या आजोबांनी दिलेले वचन कोणत्या दगडावर कोरले आहे आणि नातवाने ते कसे बुडवले हेही त्याला ठाऊक असेल. खेळात दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाचा उपयोग अधिक होतो.

आता मूल देवळात आले कसे, याकडे वळू. अनाथ मूल हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निष्फळ मार्ग आहे, कारण त्यामुळे पात्राचे देवळाबाहेर कोणीच उरत नाही आणि डीएमच्या हाती काही लागत नाही. सोपवलेले मूल मात्र दोन घरांचे असते. संत बेनेडिक्टच्या मठनियमांच्या 59 व्या प्रकरणात या विधीचे वर्णन आहे: आईवडील लेखी विनंती करतात, ती विनंती आणि मुलाचा हात वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळतात, आणि पुढे त्या मुलाला कोणतीही मालमत्ता देणार नाही अशी शपथ घेतात. या विधीतला प्रत्येक तपशील तुमच्या पात्रासाठी वापरण्याजोगा आहे. घरी राहिलेला भाऊ आज वडिलांच्या जमिनीवर नांदतो आहे आणि देवळात दिलेल्या मुलाचा तिच्यावर हक्क नाही. पण भाऊ निपुत्रिक मेला तर काय होईल?

या मुलाला मोठेपणी बाहेर पडावेसे वाटले तर काय होते, याचेही ऐतिहासिक उदाहरण आहे. गॉटशाल्क हा सॅक्सन सरदाराचा मुलगा फुल्डाच्या मठाला लहानपणी दिलेला होता. तरुण झाल्यावर त्याने दावा केला की आपली शपथ आपण घेतलेलीच नव्हती. 829 मध्ये माइन्त्सच्या धर्मसभेने त्याच्या बाजूने कौल दिला. मठाधिपती रबानुस मौरुस याने त्याविरुद्ध सम्राटाकडे दाद मागितली आणि मुलांना मठाला देण्याच्या प्रथेच्या समर्थनार्थ स्वतंत्र निबंधच लिहिला. पुढे गॉटशाल्कने दैवपूर्वनियतीविषयी, म्हणजे माणसाचे तारण देवाने आधीच ठरवलेले असते या विषयावर, जी मते मांडली त्यांच्यासाठी 848 आणि 849 मध्ये त्याला दोषी ठरवले गेले, फटके मारले गेले, स्वतःचे लेखन जाळायला लावले गेले, आणि उरलेले आयुष्य त्याने एका मठात कैदेत काढले. सांगायचे इतकेच की देवळाने शिकवलेला माणूस देवळाच्याच साधनांनी देवळाशी वाद घालू लागतो, तेव्हा देऊळ त्याला परक्यापेक्षा कितीतरी कठोरपणे वागवते. गुरूचा खून झाला म्हणून सूडाला निघालेल्या पात्रापेक्षा, गुरू जिवंत आहे आणि शिष्याविरुद्ध पत्रे लिहितो आहे, असे पात्र मला डीएम म्हणून अधिक हवेसे वाटते.

पुस्तकांच्या किमतीकडे खेळाडूंचे सहसा लक्ष जात नाही. 2014 च्या नियमपुस्तकातल्या दरांप्रमाणे एका पुस्तकाला 25 सुवर्णनाणी पडतात आणि अकुशल मजुराला दिवसाला 2 रौप्यनाणी मिळतात; दहा रौप्यनाण्यांचे एक सुवर्णनाणे होते, म्हणजे एक पुस्तक मजुराच्या 125 दिवसांच्या कमाईइतके महाग आहे. शाईची एक औंसाची बाटलीच 10 सुवर्णनाण्यांना पडते. इतिहासातही प्रमाण फारसे वेगळे नव्हते. बीडच्याच मठात आठव्या शतकाच्या सुरुवातीला तीन प्रचंड बायबले लिहून काढली गेली; त्यांतली एक प्रत आज फ्लॉरेन्समध्ये आहे आणि तेवढ्या एका प्रतीला पाचशेच्या आसपास वासरांची कातडी लागली असावी असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यामुळे 'मी लहानपणी ग्रंथालयात मनसोक्त वाचत असे' हे वाक्य पूर्वेतिहासात लिहिण्यापूर्वी थांबावे. मनसोक्त वाचू दिले कोणी? ग्रंथ कोणत्या दालनात होते, किल्ली कोणाकडे होती, आणि पात्राने न विचारता उघडलेला ग्रंथ कोणता होता? यातले शेवटचे उत्तर डीएमला अवश्य द्यावे, बाकीची दोन जमल्यास.

एवढे ठरल्यावर नियमांचा भाग सोपा आहे. 2014 च्या नियमांत अ‍ॅकोलाइटला इनसाइट (समोरच्याचे मन ओळखणे) आणि रिलिजन (धर्मज्ञान) ही कौशल्ये, दोन भाषा आणि आपल्या पंथाच्या देवळांत आसरा व उपचार मिळण्याची सवलत असते. सेजला आर्काना (जादूचे ज्ञान) आणि हिस्टरी, दोन भाषा, आणि एखादी माहिती नसली तरी ती कुठे किंवा कोणाकडे मिळेल हे ठाऊक असण्याची सवलत मिळते. तुमच्या कल्पनेला सर्वांत जवळची पार्श्वभूमी मात्र या दोन्ही नाहीत. ती 2015 च्या, सोर्ड कोस्ट या फरगॉटन रेल्म्समधल्या प्रदेशाविषयीच्या नियमपुस्तकातली क्लॉइस्टर्ड स्कॉलर ही आहे. तिच्यात हिस्टरी हे एक कौशल्य ठरलेले असते, दुसरे आर्काना, नेचर आणि रिलिजन यांतून निवडायचे असते, आणि आपल्या मठाच्या ग्रंथालयाचा बहुतेक भाग पात्राला मोकळा असतो. तिच्या सामानात मठाचा झगा, लेखनसाहित्य, 10 सुवर्णनाणी आणि एक उसने आणलेले पुस्तक असते. वरचा हिशेब लक्षात घेतला तर हे शेवटचे साहित्य किती स्फोटक आहे हे कळेल: खिशात 10 नाणी आणि पिशवीत 25 नाण्यांची परक्याची वस्तू घेऊन पात्र गुहांमधून आणि नद्यांमधून हिंडणार आहे. ते पुस्तक कोणते आणि परत करण्याची मुदत कोणती, हे पहिल्याच सेशनआधी, म्हणजे खेळाच्या बैठकीआधी, ठरवावे. तुमच्या टेबलावर सोर्ड कोस्टचे नियमपुस्तक चालत नसेल, तर 2014 च्या मूळ नियमांतच पार्श्वभूमी जुळवून घेण्याची मुभा आहे. अ‍ॅकोलाइटचे रिलिजन, सेजचे हिस्टरी आणि दोघांपैकी एकाची सवलत असा मेळ घालता येतो.

भाषांची निवड मात्र विचारपूर्वक करावी, कारण देवळाच्या कपाटात काय होते हे त्यातून उघड होते. सिलेस्टियल, म्हणजे देवदूतांची भाषा, सगळेच घेतात. दुसरी भाषा इन्फर्नल, म्हणजे नरकातल्या सैतानांची, घेतली आणि कारण असे दिले की देवळात जुन्या पाखंड-खटल्यांची दफ्तरे होती व ती नकलून काढण्याचे काम पात्राकडे होते, तर एका ओळीत देवळाचा काळा भूतकाळ उभा राहतो. इनसाइट या कौशल्याचेही तसेच आहे: ते कुठून आले हे सांगावे. गाभाऱ्याच्या दाराशी उभे राहून वर्षानुवर्षे नवस बोलणारी माणसे पाहिलेल्या मुलाला, कोण खरे रडते आहे आणि कोण देवापेक्षा शेजाऱ्याला ऐकवते आहे, हे न शिकवता कळू लागते.

2024 च्या नियमपुस्तकात या सवलती राहिलेल्या नाहीत. तिथे अ‍ॅकोलाइटला इंटेलिजन्स, विज्डम आणि करिश्मा या क्षमतांच्या आकड्यांत वाढ मिळते, इनसाइट, रिलिजन आणि सुलेखनाचे साहित्य वापरण्याचे कौशल्य मिळते, आणि क्लेरिकच्या यादीतून दोन कॅन्ट्रिप (कितीही वेळा वापरता येणारे छोटे मंत्र) व पहिल्या पातळीचा एक मंत्र देणारे मॅजिक इनिशिएट हे फीट (खास कसब) मिळते. या आवृत्तीत खेळत असाल तर माझी शिफारस अ‍ॅकोलाइट पार्श्वभूमीचा विझार्ड ही आहे. वाढीतले दोन गुण इंटेलिजन्सला आणि एक विज्डमला द्यावा, फीटमधून मिळणाऱ्या मंत्रांसाठी इंटेलिजन्स हीच क्षमता निवडावी, आणि मंत्रांत गाइडन्स, मेंडिंग व सँक्चुअरी घ्यावेत. मेंडिंग फारसे कोणी घेत नाही, पण फाटकी पाने जोडत वाढलेल्या पात्राला ते शोभते आणि प्रवासात उपयोगीही पडते.

क्लेरिक की विझार्ड या प्रश्नात एक आकड्यांचा मुद्दा दडलेला आहे. रिलिजन हे कौशल्य इंटेलिजन्सवर चालते, त्यामुळे पहिल्या पातळीचा, 10 इंटेलिजन्स असलेला क्लेरिक कौशल्य असूनही फक्त +2 ने चेक करतो (म्हणजे फासा टाकून यश ठरवताना त्यात 2 मिळवतो), तर 16 इंटेलिजन्सचा विझार्ड +5 ने. आपल्याच देवतेविषयी क्लेरिकला कमी माहिती असावी हे पुष्कळांना खटकते. 2024 मध्ये क्लेरिकने थॉमॅटर्ज हा मार्ग निवडला तर आर्काना आणि रिलिजनच्या चेकमध्ये विज्डमचा मॉडिफायरही (क्षमतेच्या आकड्यावरून मिळणारी बेरीज) मिळतो, आणि 16 विज्डम असेल तर तोही +5 वर येतो. 2014 मध्ये क्लेरिकने नॉलेज डोमेन हा उपप्रकार घेतल्यास निवडलेल्या दोन ज्ञान-कौशल्यांत प्रोफिशिअन्सी बोनस (कौशल्याबद्दल मिळणारी बेरीज) दुप्पट होतो. म्हणजे आकड्यांचे जमवता येते. निवड कथेवरच करावी. देवतेने ज्याला ओ दिली आहे असा विद्वान हवा असेल तर क्लेरिक घ्या. देवतेविषयी सगळे मुखोद्गत आहे, रोजच्या पूजेत एक अक्षर चुकत नाही, आणि तरीही शेजारी बसलेल्या अडाणी सेवकाच्या हातून जखमा भरतात आणि आपल्या हातून नाही, असे पात्र हवे असेल तर विझार्ड घ्या. मला दुसरे पात्र अधिक खोल वाटते. 2024 च्या फीटमुळे त्याला दोन-तीन दैवी मंत्र येतील हे खरे, पण ते पाठांतराने येणारे, देवळातल्या कोणत्याही उमेदवाराला जमणारे मंत्र आहेत असे मानले की कल्पनेला धक्का लागत नाही.

अज्ञानाविषयी आता बोलणे भाग आहे, कारण अशा पात्रांचा खरा रंग तिथे येतो. 'पुस्तकी विद्वानाला बाजारात भाव करता येत नाही' हा विनोद एका सेशनपुरता बरा असतो, पुढे कंटाळा येतो. अज्ञान देवळाच्या गरजेतून यावे. पिकांच्या देवळात वाढलेल्याला तारे पाठ असतील, पण त्याला ठाऊक असलेला राज्याचा इतिहास म्हणजे फक्त दुष्काळांचा आणि दानांचा इतिहास असेल. लढाया त्याच्या लेखी पीक नासवणाऱ्या घटना एवढ्याच. शिवाय त्याच्या माहितीत एखादी ठाम चूक असू द्यावी, देवळाने हेतुपुरस्सर शिकवलेली. ती कोणती हे डीएमने ठरवावे आणि तुम्हालाही सांगू नये, अशी परवानगीच त्याला देऊन ठेवा.

ज्ञान ग्रंथातच असते असेही धरू नये. वेदपाठात पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून शब्द पुढेमागे करून म्हणण्याची जी शिस्त आहे, तिच्यामुळे एखादे अक्षर निसटले तर ते तिथल्या तिथे पकडले जाते. तुमच्या पात्राची विद्या अशी मौखिक असेल तर त्याला कोणी बनावट स्तोत्र दाखवले की ते कुठे अडते हे त्याला कानानेच कळेल. दुसरे उदाहरण महानुभाव पंथाचे. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि परचक्राच्या धामधुमीत ग्रंथ हरवले तेव्हा अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केल्याची परंपरा आहे. एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ त्यातूनच पुढे आले. कुठलाही खराखुरा पंथ, त्याची देवता किंवा लिपी जशीच्या तशी उचलून खेळात आणू नये, कारण टेबलावर बसलेल्या कोणाच्या तरी घरची ती श्रद्धा असू शकते. पण हरवलेला ग्रंथ, तो पाठ असलेली तीन माणसे आणि तिघांच्या पाठांत पडलेला एका ओळीचा फरक, एवढी रचना घेऊन स्वतःचा पंथ खुशाल उभारावा. त्या तिघांपैकी एक तुमचे पात्र, दुसरा त्याचा गुरू, आणि तिसरा कुठे आहे हे शोधायला ते घराबाहेर पडले, इतके लिहिले तरी घर सोडण्याचे कारण मिळते.

शेवटचा भाग टेबलावरच्या वागण्याचा. पूर्वेतिहास एका पानाहून मोठा करू नये. डीएमला त्यात तीन नावे, एक वस्तू आणि एक न सुटलेला प्रश्न मिळाला पाहिजे. 2014 च्या सेज पार्श्वभूमीच्या सामानात मृत सहकाऱ्याने न सुटलेला प्रश्न विचारणारे पत्र असते, ते याचसाठी. दुसरी पार्श्वभूमी घेतली तरी हे पत्र डीएमकडून मागून घ्यावे, कोणी नाही म्हणत नाही. खेळताना चेक यशस्वी झाला आणि डीएमने माहिती दिली की ती तशीच वाचून न दाखवता पात्राला ती कुठून ठाऊक आहे याचे अर्धे वाक्य जोडावे: 'ही खूण आमच्या तळघरातल्या चौथ्या पेटीवर होती, ती पेटी उघडायची नसे.' पण अर्धेच वाक्य. गटातला बार्बेरियन (दांडगा लढवय्या) दारावर कुऱ्हाड उगारून उभा असताना पंथाचा इतिहास सांगत बसणारे पात्र दुसऱ्या सेशनपासून कोणालाच नको असते. आणि गटातल्या निदान एकाला तरी पात्राने विद्यार्थी करून घ्यावे, म्हणजे प्रवासात, शेकोटीपाशी, त्याला अक्षरओळख करून द्यावी. रोगला, म्हणजे गटातल्या चोर-ठकाला, लिहायला शिकवणे हा माझ्या अनुभवात सर्वांत यशस्वी ठरलेला जोडधंदा आहे, कारण रोग ती विद्या पहिल्यांदा खोट्या सह्या करायला वापरतो आणि त्याचा जाब देऊळ तुमच्या पात्राला विचारते.